कुटी आणि राजगृह

१९३०च्या दशकात, दोन-तीन वर्षांच्या अंतराने, आजच्या महाराष्ट्रात दोन माणसांनी आपल्या राहण्यासाठी घरं बांधून घेतली. एकाने मुंबईत, दादरच्या हिंदू कॉलनीत. दुसऱ्याने वर्ध्यापासून पाच मैलांवरच्या सेगावात, जिथे ना धड रस्ता होता ना टपाल कचेरी. दादरचं घर पक्कं, मजल्यांचं, कर्ज काढून बांधलेलं. सेगावचं घर माती-बांबूचं, कौलारू. त्यावर पाचशे रुपयांच्या वर खर्च करायचा नाही आणि सामान आसपासच्या गावांतलंच वापरायचं, अशी राहणाऱ्याची सक्त ताकीद होती. दादरच्या घरात भिंतींना लागून ग्रंथांची कपाटं उभी राहिली, तर सेगावच्या घरात चटई, एक बैठं मेज आणि चरखा एवढंच आलं.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि महात्मा गांधी यांच्यातल्या वादांवर कपाटं भरतील इतकं लिहून झालं आहे. त्यांच्या घरांकडे मात्र त्या नजरेने फारसं कुणी पाहिलेलं नाही. खरं तर दोघांनी एकाच प्रश्नाला उत्तर दिलं होतं. कसं जगायचं हे ठरवल्यावर माणसाने कशात राहावं? हा प्रश्न चौरस फुटांचा आणि हप्त्यांचा वाटतो, पण मुळात तो धर्माचा आहे. घर हे बंधन आहे की साधन, संन्याशाने छपराखाली झोपावं की नाही, गृहस्थाने किती साठवावं, यावर आपल्याकडच्या प्रत्येक पंथाने डोकं शिणवलं आहे. आणि त्यातून एक समजूत पक्की होऊन बसली आहे: घर जितकं लहान आणि रिकामं, तितका त्यातला माणूस मोठा. ही समजूत एकदा नीट तपासून पाहायला हवी.

तपासाची सुरुवात दादरच्या घराच्या नावापासून करता येते. आंबेडकरांनी त्याला ‘राजगृह’ म्हटलं. हे मगधाच्या जुन्या राजधानीचं नाव, आजच्या बिहारमधलं राजगीर. बिंबिसार राजाने बुद्धाला वेळुवन दिलं ते इथेच. आणि बौद्ध भिक्खूंनी घरात राहावं की नाही, या प्रश्नाचा निकाल लागला तोही याच नगरीत.

भिक्खूंच्या नियमांचा ग्रंथ असलेल्या विनयपिटकातल्या चुल्लवग्गात ती हकिकत येते. सुरुवातीच्या काळात भिक्खूंना निवासाची परवानगी नव्हती. ते रानात, झाडाखाली, डोंगरकपारीत, स्मशानात, उघड्यावर, नाहीतर पेंढ्याच्या गंजीत रात्र काढत. राजगृहातला एक श्रेष्ठी, म्हणजे धनिक व्यापारी, सकाळी लवकर आपल्या बागेकडे निघाला असताना त्याने या सगळ्या ठिकाणांहून परतणारे भिक्खू पाहिले. त्यांचं चालणं, त्यांची शांत नजर त्याला भावली. मी तुमच्यासाठी घरं बांधली तर राहाल का, असं त्याने विचारलं. बुद्धाची तशी अनुज्ञा नाही, असं भिक्खूंनी सांगितलं. मग विचारून या, असं तो म्हणाला. बुद्धाने पाच प्रकारच्या निवासांना मान्यता दिली. त्यांत साधा विहार होता आणि गुहाही होती. श्रेष्ठीने एका दिवसात साठ निवास उभे केले, असं ग्रंथ सांगतो. पुढचा तपशील जास्त मोलाचा आहे. हे निवास कुणा एका भिक्खूला न देता चारी दिशांच्या संघाला, आलेल्या आणि पुढे येणाऱ्या सगळ्यांना दान करायला बुद्धाने सांगितलं. निवास कशासाठी, हेही सांगितलं आहे: थंडी, ऊन, पाऊस, श्वापदं आणि डास यांपासून रक्षण व्हावं, आणि ध्यान करता यावं. डासांचा उल्लेख धर्मग्रंथात यावा यातच त्या परंपरेचं शहाणपण दिसतं. ज्याला रात्रभर डास फोडून खातात त्याचं चित्त कुठून एकाग्र व्हायचं?

पावसाळ्यातल्या वर्षावासाचा नियमही राजगृहातलाच. पक्षीसुद्धा पावसाळ्यात घरटं करून राहतात आणि हे भिक्खू मात्र कोवळी पिकं आणि जीवजंतू तुडवत फिरतात, अशी लोकांची तक्रार आली आणि पावसाळाभर एका जागी राहण्याचा नियम झाला.

मग आला संघातलाच एक भिक्खू, देवदत्त. त्याने पाच कडक नियमांची मागणी केली. त्यांतले दोन निवासाचे होते: भिक्खूंनी जन्मभर रानातच राहावं आणि जन्मभर झाडाखालीच राहावं. जो गावात शिरेल किंवा छपराखाली जाईल तो दोषी. बुद्धाने नकार दिला. ज्याला रानात राहायचं त्याने रानात राहावं, ज्याला गावाजवळ राहायचं त्याने गावाजवळ राहावं. झाडाखालचा मुक्काम आठ महिने ठीक, पावसाळ्यात नाही. देवदत्ताचे नियम वरवर पाहता अधिक तपस्वी आहेत आणि ऐकणाऱ्याला तो क्षणभर बुद्धापेक्षा कडक साधकही वाटेल. पण साधेपणाची सक्ती झाली की त्यातलं साधन जातं आणि शिक्षा उरते, एवढं बुद्धाला दिसत होतं. आपल्या आजच्या प्रश्नाची किल्ली या नकारात आहे.

हे सगळं दगडात पाहायचं असेल तर मुंबईकरांना राजगीरला जायची गरज नाही. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत आणि त्यांतली बरीचशी लहान, एका-दोघांच्या राहण्याची आहेत. चैत्यगृहाची गर्दी सोडून वर चढलं की ती दिसू लागतात. चार पायऱ्या, छोटं अंगण, अंगणाच्या बाजूला कातळात खोदलेली पाण्याची पोढी, मग ओसरी, आत लहानशी खोली, तिच्या कडेने दगडी बाक, आणि कोपऱ्यात दगडी ओटा असलेली झोपायची कोठडी. डोंगरावर पडणारा पाऊस पन्हळींतून पोढ्यांत यावा अशी योजना केलेली आहे. कल्याण, सोपारा अशा गावांतल्या व्यापाऱ्यांनी आणि गृहस्थांनी दिलेल्या दानांचे लेख भिंतींवर आहेत. या घरात काय नाही तेही पाहावं. चूल नाही, कोठार नाही. भिक्षा मागून दुपारच्या आत एकदा जेवणाऱ्याला त्यांचं काय काम? उलट बाक आहे, कारण कुणीतरी शिकायला येणार. पोढी आहे, कारण मुंबईच्या उन्हाळ्यात पाण्यासाठी डोंगर उतरायचा तर दिवस त्यातच गेला असता. राहणाऱ्याची दिनचर्या आधी ठरली होती आणि छिन्नी नंतर चालली, हे त्या कातळाकडे पाहिल्यावर सांगावं लागत नाही.

महाराष्ट्रात पुढे तेराव्या शतकात महानुभाव पंथाच्या चक्रधरांनी आपल्या अनुयायांना याहून कडक वाट सांगितली. गावाशी, ओळखीशी, जागेशी लळा लागू नये म्हणून दूर मुलखात फिरत राहावं, झाडाखाली असावं. सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी बरोबर उलटं केलं. बायको-मुलं, पाहुणे, अन्नदान, लेखन, सगळं भरल्या वाड्यात. महाराष्ट्राने दोघांनाही वंदनीय मानलं. आपली परंपरा घराच्या बाबतीत एकसुरी नव्हती, एवढं यावरून दिसतं.

पण या निवडीच्या गोष्टी संतांच्या आणि संन्याशांच्या. सामान्य माणसाला शास्त्राने घराची निवड दिलीच नव्हती. वराहमिहिराच्या बृहत्संहितेत वास्तूवरचा अध्याय आहे. त्यात ब्राह्मणापासून शूद्रापर्यंत घराची मापं उतरत्या क्रमाने सांगितली आहेत आणि जमिनीचे रंगही वर्णांप्रमाणे वाटून दिले आहेत. मनुस्मृतीने चांडाळाचं घर गावाबाहेर ठेवलं. मराठी मुलखातल्या गावांची आखणी पाहिली तर महारवाडा वेशीबाहेर आणि बहुतेक ठिकाणी पूर्वेला, कारण वारा पश्चिमेकडून वाहतो. तुला कसं जगायचं आहे हे त्या आखणीने कुणालाच विचारलं नाही. तू कुणाच्या पोटी जन्मलास एवढं विचारलं आणि जागा दाखवली. आज सदनिका घेताना दारं-खिडक्यांच्या दिशा काटेकोरपणे तपासणाऱ्यांनी हा इतिहासही तपासावा. ईशान्य कोपऱ्यात देवघर आलं की घर शुभ होतं असं मानणाऱ्या वास्तुशास्त्राच्याच ग्रंथांत कोणत्या माणसाने किती हात लांबीच्या घरात राहावं याचाही हिशेब आहे, आणि तो हिशेब सोयीने विसरला जातो.

गांधींचं सेगाव या पार्श्वभूमीवर पाहायला हवं. १९३० साली मिठाच्या सत्याग्रहाला निघताना स्वराज्य मिळाल्याशिवाय साबरमतीला परतणार नाही, असं ते सांगून बसले होते. पुढे वर्ध्याचे उद्योगपती जमनालाल बजाज यांच्या आग्रहाने ते वर्ध्याला आले, तिथल्या मगनवाडीत राहिले. पण हिंदुस्थान खेड्यात आहे असं सांगणाऱ्याने स्वतः शहरात राहावं हे त्यांना टोचत होतं. त्यांच्या शिष्या मीराबेन आधीच खेड्यात जाऊन राहू लागल्या होत्या. १९३६च्या एप्रिलअखेर गांधी पायी सेगावला गेले. तेव्हा त्यांना सदुसष्टावं वर्ष चालू होतं. गावात दलितांची मोठी वस्ती, आरोग्याची दैना आणि सापांचा सुळसुळाट. त्याच वर्षी मलेरियाने त्यांना गाठलं आणि वर्ध्याच्या इस्पितळात ठेवावं लागलं. तरी ते परत तिथेच गेले.

सेगावचं पुढे सेवाग्राम झालं. आज तिथे बापूकुटीत गेलं की आधी वाकावं लागतं, इतकं छप्पर खाली आलेलं आहे. सारवलेली जमीन, बांबूची जाळी, मातीच्या भिंतीवर मीराबेननी उठावात काढलेली ताडाची झाडं आणि चरखा. आश्रमात साप धरण्याचा लाकडी चिमटा आणि साप ठेवायचा पिंजराही जपून ठेवलेला आहे. साप मारायचे नाहीत, पकडून दूर सोडायचे, हा तिथला नियम होता. अहिंसेवर भाषणं पुष्कळांनी केली असतील. पण सापाचं काय करायचं हे ठरवून त्यासाठी सुताराकडून चिमटा करून घेणं, ही अहिंसा घरात उतरल्याची खूण आहे. १९७८ साली विचारवंत इव्हान इलिच सेवाग्रामला आले होते. त्या कुटीत बसून जे सुचलं त्यावर त्यांनी भाषण केलं. माणसं आपली घरं वस्तू ठेवण्यासाठी बांधतात, आणि ही कुटी मात्र माणसासाठी बांधली आहे, असा त्यांच्या सांगण्याचा आशय होता.

इलिच यांचं निरीक्षण खरं आहे. तरीही कुटीची गोष्ट एवढ्यावर सोडली तर ती अर्धीच राहते.

गांधींना सेगावात एकट्याने राहायचं होतं, आश्रम उभारायचा नव्हता. घडलं उलटंच. माणसं येत राहिली. पहिल्या घरात, ज्याला आज आदि निवास म्हणतात, सगळे एकत्र: गांधी, कस्तुरबा, सहकारी, पाहुणे, खान अब्दुल गफार खान. त्या एका दालनात कस्तुरबांची कुचंबणा होऊ लागली. शेवटी जमनालालजींनी त्यांच्यासाठी वेगळी कुटी बांधली, ती बा कुटी. या लहानशा घरापुढे थांबून विचार करायला हवा. उघड्या, भिंती नसलेल्या जगण्याची निवड गांधींची होती. त्या निवडीत बांना कपडे बदलायला आडोसा मिळतो की नाही, दुपारी घटकाभर पाठ टेकता येते की नाही, हे आधी कुणी पाहिलं नव्हतं. आपल्या तत्त्वासाठी घर निवडणारा माणूस बहुधा एकटा राहत नसतो, आणि त्याच्या तत्त्वाची झळ बरोबरच्यांना, त्यातही बाईला, आधी लागते. बा कुटी सेवाग्रामचं मोठेपण कमी करत नाही, उलट वाढवते, कारण तिथे तत्त्वाने माणसापुढे माघार घेतली आणि भिंत बांधली.

असंच परचुरे शास्त्रींचं. कुष्ठरोग झालेले हे संस्कृत पंडित १९३९च्या सुमारास आश्रमात आले. त्यांना ठेवून घ्यायचं तर बाकीच्यांच्या जिवाला भीती, परत पाठवायचं तर आश्रम कशाला? त्यांच्यासाठी कुटी बांधली गेली आणि गांधी स्वतः त्यांच्या जखमा धूत, मालिश करत. आणखी एक जोड व्हाइसरॉय लिनलिथगोच्या सरकारने दिली. निरोप लगेच पोचावा म्हणून सेवाग्रामला टेलिफोन बसवला गेला आणि तो खोका आजही तिथे आहे. खेड्यात एकटं राहायला निघालेल्या माणसाच्या घराला दहा वर्षांत स्वयंपाकघर, दवाखाना, कचेरी आणि दूरध्वनी आला. जगण्याची रीत बदलली नव्हती. पण जगणं कुणाला सोबत घेऊन चालायचं आहे हे बदलत गेलं आणि घर त्यामागे गेलं.

आता दादरकडे वळू. पण दादरला पोचण्याआधी बाबासाहेबांच्या आधीच्या घरांतून जावं लागतं, नाहीतर राजगृहाचा अर्थच लागत नाही.

परळच्या डबक चाळीत वडील रामजी सुभेदारांच्या कुटुंबाची एक खोली होती. स्वयंपाक, सरपण, भांडी, माणसं, सगळं त्यातच. धनंजय कीर यांनी लिहिलेल्या चरित्रात त्या खोलीतल्या अभ्यासाचं वर्णन आहे. मुलाला लवकर झोपायला सांगून वडील रात्री दोनपर्यंत जागत, मग त्याला उठवत आणि त्याच्या जागेवर स्वतः आडवे होत. जातं, धूर, बांधलेली शेळी, बिनकाचेचा दिवा, आणि त्या उजेडात पुस्तक. एका झोपण्याच्या जागेत दोन माणसांची रात्र अशी वाटून घेतली जात होती. पुढे १९१२च्या सुमारास हे कुटुंब परळच्या पोयबावडीतल्या बीआयटी चाळीत आलं, आणि समोरासमोरच्या पन्नास व एक्कावन्न क्रमांकाच्या दोन खोल्यांत बाबासाहेबांनी सुमारे बावीस वर्षं काढली. या काळात ते कोलंबिया आणि लंडनहून पदव्या घेऊन आले, महाडचा सत्याग्रह केला, गोलमेज परिषदेला जाऊन आले. या काळातच त्यांच्या पत्नी रमाबाईंनी पाचांपैकी चार मुलं गमावली.

आणि मध्ये १९१७चं बडोदं. महाराज सयाजीरावांच्या नोकरीत रुजू व्हायला ते अमेरिकेहून आणि लंडनहून शिकून आले, पण राहायला जागा कुणी देईना. एका पारशी मुसाफिरखान्यात पारशी नाव सांगून दीड रुपया रोजाने ते राहिले. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आपल्या आठवणींत त्यांनी ती जागा लिहून ठेवली आहे. वरच्या मजल्यावर एक लहान खोली, बाकी सगळं मोडक्या सामानाने भरलेलं मोठं दालन, वीज नाही, हातातल्या कंदिलाचा उजेड काही इंचांपलीकडे जात नाही, आणि अंधारात वटवाघळं. तिथे ते पुस्तकं वाचत बसत. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले दहा-बारा पारशी आले आणि त्यांनी संध्याकाळपर्यंत जागा खाली करायला फर्मावलं. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे त्यांनी विचारून पाहिलं. दोघांनीही आपापल्या घरातली अडचण सांगितली. मुंबईची गाडी रात्री नऊला. मधले पाच तास परदेशी विद्यापीठांतून अर्थशास्त्र शिकून आलेल्या त्या तरुणाने बडोद्याच्या कमाटी बागेत बसून काढले.

ज्याने हे सोसलं त्याला रिकाम्या कुटीचं कौतुक कुणी सांगावं? अपरिग्रहाचा उपदेश ज्याच्याकडे काही आहे त्याला शोभतो. ज्याला पिढ्यान्पिढ्या काही बाळगू दिलंच नाही, त्याने पुस्तकांसाठी कपाटं केली तर त्याला साठवण म्हणता येत नाही. म्हणून दादरच्या हिंदू कॉलनीत, उच्चवर्णीय मध्यमवर्गाच्या वस्तीत, बाबासाहेबांनी भूखंड घेतला, स्वतः लक्ष घालून बांधकाम करून घेतलं आणि १९३४च्या सुमारास ते तिथे राहायला गेले. प्लेगच्या साथीनंतर ज्या बॉम्बे इंप्रूव्हमेंट ट्रस्टने कामगारांसाठी बीआयटी चाळी बांधल्या, त्यानेच दादर-माटुंग्याची ही रुंद रस्त्यांची, झाडांची वसाहत आखली होती. एकाच संस्थेच्या नकाशावर चाळीतल्या खोलीपासून बंगल्याच्या भूखंडापर्यंतचं अंतर पार करायला त्यांना वीस-बावीस वर्षं लागली.

घराची रचना त्यांच्या जगण्यासारखी होती. खाली कुटुंब आणि वर अभ्यासिका व ग्रंथालय. ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’ १९३६ साली छापलं गेलं तेव्हाचा त्यांचा पत्ता राजगृह, दादर. ज्या माणसाला शास्त्रांशी शास्त्रांच्याच भाषेत झुंजायचं होतं त्याला हजारो ग्रंथ हाताशी लागणारच. पण इथेही घराने एक गोष्ट दिली नाही. रमाबाई त्या नव्या घरात फार दिवस राहू शकल्या नाहीत. २७ मे १९३५ रोजी त्यांचं निधन झालं. चाळीतल्या दोन खोल्यांत ज्यांनी संसार ओढला, त्यांच्या वाट्याला मोकळं घर जेमतेम वर्षभर आलं. सेवाग्रामच्या बा कुटीची आठवण इथे होणं अपरिहार्य आहे. दोन्हीकडे मोठ्या ध्येयाच्या घराचं भाडं बाईने आधीच भरलेलं होतं.

कुटी श्रेष्ठ की राजगृह, असा प्रश्न यावर कुणी विचारेल, पण तो चुकीचा आहे. गांधींनी जे सोडलं ते त्यांच्याकडे होतं. त्यामुळे सोडण्याला व्रताची किंमत आली. आंबेडकरांनी जे मिळवलं ते त्यांच्या समाजाला नाकारलेलं होतं. त्यामुळे त्या मिळवण्यालाही तीच किंमत आहे. बुद्धाने देवदत्ताला जे सांगितलं ते दोघांनाही लागू पडतं. आणि गंमत नाही, फार गंभीरपणे म्हणायचं तर, ‘राजगृह’ हे नाव त्या घराला इतकं चपखल बसतं, कारण ज्या नगरीत भिक्खूंना निवासाचा हक्क मिळाला, त्याच नगरीच्या नावाने आंबेडकरांनी आपला निवासाचा हक्क दारावर लिहिला.

आज पुण्या-मुंबईत, नाशकात, पणजीत घर शोधणारी माणसं कशात राहावं हा प्रश्न असा विचारत नाहीत. बजेट, स्टेशनचं अंतर, शाळा, पार्किंग, आणि मग वास्तू. यात गैर काही नाही. पण कान्हेरीच्या खोदणाऱ्याला जे ठाऊक होतं ते विसरलं जातं: आधी दिवस कसा जाणार ते ठरवा. ज्यांच्या घरी आठवड्याला भजन बसतं त्यांना शंभर माणसांचं क्लब हाऊस नको, पंधरा माणसं मांडी घालून बसतील अशी एक खोली हवी. ज्याला म्हातारपणी आई-वडिलांना जवळ ठेवायचं आहे त्याने सातव्या मजल्यावरच्या नजाऱ्यापेक्षा तळमजल्यावरचं न्हाणीघर आधी पाहावं. ज्या बाईला घरून शिकवण्या घ्यायच्या आहेत तिला दारात चपला काढायला पुरेशी जागा लागेल. हॉलच्या मापाने घराची किंमत ठरवणाऱ्या बाजारात हे प्रश्न विचारायला धीर लागतो, कारण विकणारा माणूस प्रत्येकाला एकच जगणं विकत असतो.

त्याहून अवघड प्रश्न फाटकावर उभा असतो. घर निवडलं, पैसे जमवले, पण फाटकातला माणूस आडनाव विचारतो. तुम्ही काय खाता, लग्न झालंय का, एकट्या राहणार का, भाडेकरू कोणत्या धर्माचा? मुंबईत ‘फक्त शाकाहारींसाठी’ अशा इमारती कुणाला नव्या नाहीत. भारताच्या संविधानाच्या एकोणिसाव्या कलमाने देशात कुठेही राहण्याचा आणि स्थायिक होण्याचा हक्क नागरिकाला दिला आहे. त्याच कलमात संस्था स्थापन करण्याचाही हक्क आहे. अहमदाबादच्या एका पारशी सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या प्रकरणात २००५ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की सभासदत्व आपल्या समाजापुरतं ठेवणारा उपविधी संस्था करू शकते.

हा निकाल झटकून टाकण्यासारखा नाही. संख्येने इतका लहान समाज, ज्याला आपले सण, आपली अग्यारी, आपली भाषा टिकवायची आहे, त्याने एकत्र राहायची इच्छा धरली तर तीही जगण्याची एक रीतच आहे. बुद्धाच्या संघालाही सीमा होत्याच. पण ज्या समाजाकडे संख्या, जमीन आणि सत्ता तिन्ही आहेत तो जेव्हा हेच कुंपण घालतो तेव्हा त्याने आपलं जगणं राखलेलं नसतं, दुसऱ्याचं अडवलेलं असतं. कमाटी बागेतल्या त्या पाच तासांची परतफेड अजून झालेली नाही, असं म्हणावं लागतं, कारण काठ्या गेल्या तरी नकार देणारी भाषा अजून तीच आहे: आमची काही हरकत नाही हो, पण बाकीचे सभासद ऐकणार नाहीत. बडोद्याच्या त्या दोन मित्रांनीही स्वतःचं नाव पुढे केलं नव्हतं. एकाने नोकरांचं कारण दिलं, दुसऱ्याने बायकोचं.

जगण्यामागे घराला जाऊ देणारी एक वसाहतही आहे: नवी मुंबईत बेलापूरचं आर्टिस्ट्स व्हिलेज. सिडकोसाठी वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांनी १९८०च्या दशकात ती आखली. साधारण पंचेचाळीस ते पंचाहत्तर चौरस मीटरचे भूखंड, उतरत्या कौलांची लहान घरं, आणि सात घरांच्या मध्ये एक अंगण. दोन घरांची भिंत कुठेही सामाईक नाही. कुणाला खोली वाढवायची असेल, मजला चढवायचा असेल, तर शेजाऱ्याची परवानगी नको आणि मोठा कंत्राटदारही नको, गवंडी पुरे. लोकांचं जगणं बदलेल, मुलं मोठी होतील, सून येईल, दुकान निघेल, हे कोरियांनी गृहीत धरलं होतं, आणि म्हणून घर अपुरं ठेवूनच ताब्यात दिलं. आज तिथे मूळ कौलारू घरं मोजकीच दिसतात. बहुतेकांनी ती पाडून दोन-तीन मजले चढवले, कुणी खालच्या खोलीत धंदा थाटला. छायाचित्रं काढायला येणाऱ्या वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांना याची हळहळ वाटते. तिथे राहणाऱ्यांना वाटत नाही. घरांची रूपं इतकी पालटली, तरी मधली अंगणं बऱ्याच ठिकाणी अजून कुणी बळकावलेली नाहीत. तिथे सायकली लावलेल्या असतात, वाळवणं पडलेली असतात, आणि गणपतीत मांडव कुणाच्या दारापुढे घालायचा यावरून सातही घरांची बैठक बसते.